स्वीडनचा माल, सेमाडोहचा नाका

चित्रपटाबद्दल मत द्यायला चित्रपट समजावा लागतो, ही अफवा वर्तमानपत्रांतल्या परीक्षक मंडळींनी पोटापाण्यासाठी पसरवलेली आहे. वास्तविक मत द्यायला मांडी घालण्यापुरती जागा, दाढेखाली सुपारी आणि शेजारी एक ऐकणारा माणूस, एवढं भांडवल पुरतं. 'शोले' पाहून आल्यावर आमच्या शेजारच्या ट्रेझरीतल्या कारकुनांनी एकच शंका काढली होती : हात नसलेल्या ठाकुराने पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यावर सही कशी केली? त्या चित्रपटावर पुढे पुस्तकं लिहिली गेली. पण इतक्या मुळाला हात घालणारं परीक्षण माझ्या तरी वाचनात नाही. माणूस पडद्यावर दुसऱ्याची गोष्ट पाहतो आणि हिशेब मात्र आपल्या घरचा लावतो.

या सिद्धान्ताचा भक्कम पुरावा मला मिळाला तो 2024 च्या श्रावणात, सेमाडोहला. आणि तोही एका स्वीडिश चित्रपटाच्या निमित्ताने.

सेमाडोह आणि स्वीडन ही दोन नावं एका वाक्यात यावीत असं त्यांच्यात 'स'शिवाय काही नाही. परतवाड्याहून घाट चढून धारणीच्या वाटेला लागलं की सिपना नदीच्या काठी हे गाव लागतं. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. 1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून या मुलखाचा सरकारमान्य मानकरी वाघ. बाकीच्यांनी, त्यात वनखात्याचे नोकरही आले, त्याच्या सोयीने राहायचं. आमचे साडभाऊ त्या नोकरांपैकी. हुद्दा वनपाल, मुक्काम सरकारी क्वार्टर. क्वार्टर असं की पावसाळ्यात बाहेर छत्री नसली तरी चालेल, आत हवी.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी श्रावणात चार दिवस त्यांच्याकडे जातो. सौभाग्यवतींना धाकटी बहीण भेटते आणि मला रबडी. त्या साली साडभाऊंचे चिरंजीवही आले होते. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सुटी नसताना आले होते. पण आईला मुलगा आला यातच आनंद, बापाला कारण विचारायची सवय फक्त नाक्यावर. चिरंजीव दोन दिवस गप्प होते. जेवणात लक्ष नाही. पायातले नवे पांढरेशुभ्र बूट तेवढे दिवसातून तीनदा पुसत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस झडीला लागला तेव्हा त्यांनी लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "मावसाजी, एक पिक्चर आणलाय. पाहू या?"

चित्रपटाचं नाव 'स्नाबा कॅश', म्हणजे आपल्या भाषेत 'झटपट पैसा'. येन्स लापिदुस नावाचे एक स्वीडिश वकील आहेत. त्यांनी फौजदारी खटले लढता लढता 2006 साली या नावाची कादंबरी लिहिली. तिच्यावर 2010 साली डॅनिएल एस्पिनोसा यांनी हा चित्रपट काढला. तो इतका चालला की पुढे त्याचे आणखी दोन भाग निघाले आणि 2021 साली याच नावाची मालिकाही आली. ही सगळी माहिती चिरंजीवांनी पुरवली. साडभाऊंनी विचारलं, "वकिलानं लिवलं म्हनतं? मंग आरोपी सुटत असन."

एव्हाना क्वार्टरच्या बैठकीत प्रेक्षागृह भरलं होतं. साडभाऊ, मेव्हणी, आमच्या सौभाग्यवती, आश्रमशाळेचे निवृत्त मास्तर, पावसामुळे दुकान लवकर मिटलेले रबडीवाले, आणि दाराशी उकिडवा बसलेला कोरकू चौकीदार, त्याची बायको, दोन पोरं. चित्रपट स्वीडिशमध्ये, खाली अक्षरं इंग्रजीत. चिरंजीवांनी ते काम माझ्यावर सोपवलं, कारण बँकेतल्या माणसाला इंग्रजी येतं असा समाजाचा समज आहे. तेव्हा व्यवस्था अशी ठरली : पडद्यावरचा माणूस स्वीडिश बोलणार, मी अक्षरं वाचून मराठीत सांगणार, साडभाऊ त्याचं वऱ्हाडी करणार आणि चौकीदार ते बायकोपोरांना कोरकूत पोचवणार. ही मजल दरमजल संपेपर्यंत पडद्यावर बोलणारा माणूस बहुधा पळालेला तरी असे किंवा मेलेला तरी.

गोष्ट थोडक्यात अशी. एक हुशार पोरगा, त्याचं नाव जे. डब्ल्यू. राजधानीत, स्टॉकहोमच्या व्यापार-अर्थशास्त्राच्या मोठ्या विद्यालयात शिकतो. घरची स्थिती बेताची. पण मित्र सगळे गर्भश्रीमंत, आणि हा त्यांच्यात त्यांच्यासारखाच म्हणून वावरतो. तो खर्च भागवायला रात्री चोरून टॅक्सी चालवतो. टॅक्सीच्या मालकाचा खरा धंदा कोकेनचा. पोरगा हळूहळू त्यात ओढला जातो. दुसरा एक होर्हे नावाचा माणूस तुरुंगातून पळालेला आहे. तिसरा म्रादो, धिप्पाड गुंड. पण याच्या गळ्यात लहान मुलीला सांभाळायची जबाबदारी येऊन पडलेली. या तिघांच्या वाटा एका मालावर येऊन मिळतात.

नावांचं बारसं पहिल्या पंधरा मिनिटांत उरकलं. मेव्हणीने जे. डब्ल्यू.चा 'जयू' केला. होर्हेचा 'हरबा' झाला आणि म्रादोचा 'म्हादू'. जयू, हरबा आणि म्हादू म्हटल्यावर स्टॉकहोम एकदम अचलपूर तालुक्यात आलं आणि मंडळी मोकळेपणाने मतं देऊ लागली.

साडभाऊंना पहिल्यापासून एकच गोष्ट खटकत होती. "हा माल जाऊन राह्यला, तं याची टीपी कुठं हाय?"

टीपी म्हणजे वाहतूक परवाना. जंगलातून लाकूड हलवायचं तर लाकडावर हातोड्याची खूण आणि हातात टीपी पाहिजे. साडभाऊंची हयात यात गेली. जगात दोनच प्रकारचा माल असतो, टीपीचा आणि बिनटीपीचा, अशी त्यांची तत्त्वज्ञानात्मक बैठक. मी म्हटलं, "साडभाऊ, हे कोकेन आहे. सागवान नव्हे."

"असू द्या न. पन एवढ्या मोठ्या शयरात एकही नाका नाही? नाका असता तं हा पिक्चर धा मिन्टात संपला असता."

मास्तरांचा आक्षेप शैक्षणिक होता. स्वीडनमध्ये स्वीडिश मुलांना उच्च शिक्षणाची फी पडत नाही, हे चिरंजीवांनी सांगताच मास्तर चष्मा काढून माझ्याकडे वळले. "फी नाही? मंग याला पैसा पायजे कायले?"

"कपड्यांना, मास्तर. पार्ट्यांना. मित्रांसारखं दिसायला."

"एवढ्यासाठी?" मास्तर म्हणाले. मी चिरंजीवांकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते. फक्त पाय त्यांनी मांडीखाली ओढून घेतले.

रबडीवाल्यांना धंद्याच्या अंगाने शंका. "याहिच्याकडं सारा रोखीचा कारभार हाय काय?" आता, गंमत बघा. रोख रकमेवर चित्रपट काढणाऱ्या त्या देशात रोख रक्कम आता शोधून सापडत नाही. 2012 साली तिथल्या बँकांनी मिळून फोनवरून पैसे पाठवायची सोय काढली आणि लोकांच्या खिशातून नोटा जवळजवळ गेल्याच. हे ऐकून रबडीवाले खिन्न झाले. त्यांच्याही गल्ल्यावर क्यूआर कोडचं चिठोरं चिकटवलेलं आहे. पण पैसे आले की नाही हे कळायला गिऱ्हाइकाला रस्ता ओलांडून खांबाजवळ जावं लागतं. रेंज तिथेच येते. पुढचं हरिसाल 2016 साली 'डिजिटल गाव' म्हणून नावाजलं गेलं, मधल्या सेमाडोहला त्यातला फक्त खांब मिळाला, असं त्यांचं म्हणणं. स्वीडनमध्ये साध्या बिअरपेक्षा कडक दारू सरकारी दुकानातच मिळते आणि रविवारी ते दुकान बंद असतं, हेही मी सांगितलं. "इतकी शिस्त," रबडीवाले म्हणाले, "तरी पोट्टं बिघडलंच?"

मेव्हणीचा पिंड वेगळा. तिला म्हादूची मुलगी जेवली की नाही याची काळजी. गोळीबार चालू असतानाही तिचं लक्ष त्या पोरीकडे. मध्येच तिने विचारलं, "भाऊजी, हे कोकेन म्हन्जे आपली अफूच न?"

मी म्हटलं, "नाही. कोकेन दक्षिण अमेरिकेतल्या कोका नावाच्या झुडपाच्या पानांतून काढतात. अफू आपल्याकडची, खसखशीच्या बोंडातला चीक. तिची लागवड सरकारी परवान्याने होते. मध्य प्रदेशात नीमचला सरकारचा कारखाना आहे, औषधासाठी."

"खसखशीच्या बोंडातला?" मेव्हणीचा आवाज चढला. "म्हन्जे मी दिवाळीले अनारशावर लावतो थे?"

"तेच झाड. पण बियांना नशा नसते, त्या कायद्यानेही चालतात."

"मायबाई!" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून गेल्या वीस दिवाळ्या सरकत गेल्या. आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "म्हणूनच हे तुझ्या हातचे अनारसे खाऊन दुपारी चारपर्यंत उठत नाहीत."

मग जयूने टोळीला पैसे धुऊन द्यायचं मनावर घेतलं. काळा पैसा बँकेच्या वाटेने पांढरा कसा करायचा, हे तो मोठ्या लोकांना समजावतो. इथे मला कंठ फुटला. चाळीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव पणाला लावून मी केवायसीपासून सुरुवात केली, पण साडभाऊंनी त्याचं वऱ्हाडी दोन शब्दांत केलं : "धुनं हाय." चौकीदाराने त्याचं कोरकू केलं ते एकाच शब्दात. त्याच्या बायकोने मान डोलावली. आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकांनाही असं भाषांतर कधी लाभलं नाही.

हे सगळं गोऱ्या लोकांच्या थंड मुलखातलं, आपल्याला काय त्याचं, अशी एकूण हवा होती. म्हणून मी आठवण करून दिली की त्याच 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं. कुरकुंभ म्हणजे दौंड तालुका. आणि असलं रसायन शिजवायला अडाणी माणूस चालत नाही. कोणाचा तरी शिकलेला मुलगाच लागतो.

नेमके याच वेळी दिवे गेले.

सेमाडोहला दिवे जाणं ही बातमी नव्हे. जंगलात कुठे तरी तारेवर फांदी पडते आणि फांदीला घाई नसते. लॅपटॉपनेही थोड्या वेळात डोळे मिटले. काळोख, वर पत्र्यावर पाऊस, खाली तीन ठिकाणी पातेल्यांत ठिबकणारं पाणी. मेव्हणी अंधारातच म्हणाली, "ह्या जयूच्या मायले माहीत असन का वो, पोट्टं रातचं गाडी चालवते म्हनून?"

"नसेल," चिरंजीव म्हणाले.

"तुले कसं माहीत?"

थोडा वेळ फक्त पातेली वाजत राहिली. मग चिरंजीव बोलू लागले. अंधाराला हेच एक बरं असतं, समोरच्याचं तोंड दिसत नाही.

चार महिन्यांपासून ते पुण्यात रात्री घरोघर जेवणाची पार्सलं पोचवत होते. कॉलेजात कोणाला माहीत नाही. मित्रांची समजूत अशी की वडील जंगलखात्यात फार मोठे साहेब आहेत, बंगला आहे, व्हरांड्यातून वाघ दिसतो. ते बूट त्या कमाईतले. एका रात्री पार्सलवरचा पत्ता वर्गातल्याच मित्राचा निघाला. वाढदिवस होता. याला बोलावणं होतं; तब्येत बरी नाही सांगून हा कामाला गेलेला. मित्राने दार उघडलं, पार्सल घेतलं आणि वीस रुपये टीप दिली. हेल्मेट होतं, म्हणून ओळखलं नाही.

"अन् तू घेतले?" साडभाऊंचा आवाज.

"घेतले."

चित्रपटातले सगळे गोळीबार मी शांतपणे पाहिले होते. पण त्या वेळी मी श्वास धरून बसलो. साडभाऊंचा राग तालुक्याला ठाऊक आहे.

"लायसन हाय?" साडभाऊंनी विचारलं.

"आहे."

"गाडीचे कागद?"

"आहेत."

"मंग?" साडभाऊ म्हणाले. "टीपीचा माल हाय. कोनाच्या बापाले भ्यायचं?"

मेव्हणीला मात्र एवढ्यावर पुरलं नाही. "तोंड कायले झाकलं होतं रे?"

"पाऊस होता."

"पाऊस थांबल्यावर?"

याला उत्तर नव्हतं. पण चिरंजीवांचं बोलणं संपलेलं नव्हतं. रात्रीच्या फेऱ्यांत एका माणसाशी ओळख झाली होती. तो म्हणाला, हेच काम कर, अशीच पिशवी, असाच पत्ता. फक्त आत काय आहे ते विचारायचं नाही. एका खेपेला आठवड्याची कमाई. याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गावी चाललो, आल्यावर सांगतो, म्हणाला आणि एस.टी.त बसला.

सुटी नसताना पोरगा का आला आणि इतके चित्रपट सोडून हाच का आणला, याचा उलगडा बैठकीत सगळ्यांना एकदमच झाला. पण कोणी बोललं नाही. रबडीवाल्यांची सुपारीसुद्धा थांबली.

मग साडभाऊ बोलले. पण पोराशी नव्हे, मास्तरांशी. "मास्तर, 2013 चं आठवते?"

मेळघाटात कोणाला आठवत नाही? त्या साली इथल्या वाघांच्या शिकारीची साखळी उघडकीस आली. शिकारी बहेलिया टोळीचे, मध्य प्रदेशातून आलेले. कातड्या-हाडांचे घेणारे त्याहून लांबचे. वनखात्याच्या माणसांनी मोबाइलच्या नोंदींवरून माग काढला आणि पुढे न्यायालयात शिक्षाही झाल्या. स्वीडिश वकिलांना हे कळलं असतं तर त्यांची कादंबरी सिपनेच्या काठी घडली असती.

"असल्या धंद्यात पयला कोन सापडते?" साडभाऊ म्हणाले. "ज्याच्या हातात पिशवी असते थो. ज्याचा माल असते त्याले मी उभ्या नोकरीत नाक्यावर पायलं नाही. थो घरीच असते, चहा पीत."

एवढंच. त्यांनी पोराला रागावणं, समजावणं, शपथ घालणं यातलं काही केलं नाही. मेव्हणी उठली, अंधारात चाचपडत चूल गाठली आणि चहा टाकला. पहिला कप तिने मुलाच्या हातात दिला. एरवी तो मान माझा असतो.

दिवे दुसऱ्या दिवशी आले आणि उरलेला चित्रपट आम्ही त्या रात्री पाहिला. शेवट सांगत नाही. कोणाला पाहायचा असेल. मात्र प्रेक्षकांचे अभिप्राय नोंदवून ठेवतो.

मास्तर : हुशार मुलगा. घरून कोणी पत्र लिहीत नसावं.

रबडीवाले : साऱ्यांनाच लय घाई. दूध आटवायचं म्हटलं तं दुपार जाते. हे लोक आच वाढवतात अन् मंग करपलं म्हनून रडतात.

मेव्हणी : म्हादू वाईट नाही. पोरीसाठी जीव तुटते त्याचा.

साडभाऊ : नाका पायजे होता.

चौकीदार दोन्ही रात्री स्वतःहून एक शब्द बोलला नव्हता. मीच विचारलं, "तुम्हाला कसा वाटला?" तो जरा लाजला. मग म्हणाला, "पोरगा गाडी चालवे तवा बरा होता साहेब. थकून तं झोपे."

"पण ती टॅक्सीही विनापरवाना होती," मी कायद्याची बाजू मांडली.

"मंग काळीपिवळी काय असते?" साडभाऊ एकदम चौकीदाराच्या बाजूने झाले. परतवाडा-धारणी रस्त्यावर कोंबून कोंबून माणसं भरलेल्या काळीपिवळीतून ज्याने प्रवास केला आहे, त्याला स्वीडनचा कायदा शिकवण्यात अर्थ नसतो. मी गप्प बसलो.

दोन दिवसांनी चिरंजीव निघाले. परतवाड्याची एस.टी. यायची होती. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. खांबाजवळ जाताच त्यांचा फोन वाजला. पुण्याचा मित्र होता, वाढदिवसाचाच. सेमाडोहला फोनवर खाजगी बोलता येत नाही. रेंज इतकी नाजूक की तिला वरच्या पट्टीतच आळवावं लागतं.

"कुठे म्हणजे? घरी!... सेमाडोह! से-मा-डोह!... नाही, रिसॉर्ट नाही... बंगला पण नाही, क्वार्टर आहे. गळतं!... बाबा? वनपाल! नाक्यावर असतात!" मग जरा थांबून, आणखी मोठ्याने : "आणि तुझे वीस रुपये आहेत माझ्याकडे! ...अरे, कसले ते आल्यावर सांगतो!"

साडभाऊ रस्त्याच्या पलीकडच्या सागाच्या झाडाकडे अशा काही एकाग्रतेने पाहत होते, जणू त्यावर हातोड्याची खूण शोधताहेत. मेव्हणीने पदराने चष्मा पुसला. चिरंजीवांनी फोन ठेवला नव्हता. दुसरा नंबर लावला. तिथे मात्र ते फार बोलले नाहीत. "मी बोलतोय. ते काम मला नको," एवढंच, आणि तेही रेंजला न जुमानता नेहमीच्या आवाजात.

एस.टी. आली. कंडक्टरने घंटी मारली तेवढ्यात रबडीवाले दुकानातून धावत आले. खव्याचा डबा, फडक्यात बांधून वर सुतळीची गाठ. खिडकीतून तो आत देत ते म्हणाले, "हे पार्सल घे. अन् कोनी इचारलं आत काय हाय, तं बिनधास्त उघडून दाखवजो!"